पाऊल टाकण्यापुरता उजेड

ताई, रोज सकाळी बायबल उघडूनही ‘आज नेमकं काय करू’ याचं उत्तर मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल तीच देवाची आज्ञा मानायची, हे मीही बरीच वर्षं केलं. आता क्रमानं वाचतो. बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या शहाणपणाच्या वचनांच्या पुस्तकाचे अध्याय ३१, म्हणजे तारखेला एक. सोबत बायबलच्याच स्तोत्रांच्या पुस्तकातलं एखादं स्तोत्र. स्तोत्र ११९ मोठं आहे, १७६ वचनांचं. ते आठ-आठ वचनांनी घेतो, त्याची रचनाच तशी आहे. त्यातलं १०५ वं वचन देवाच्या शब्दाला पावलांसाठी दिवा म्हणतं. त्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावणारी मातीची पणती. पुढचं पाऊल दिसावं, एवढाच उजेड.

गेल्या महिन्यात १५ तारखेला पंधराव्या अध्यायाचं पहिलंच वचन समोर आलं: मृदू उत्तरानं राग शमतो. मोबाइलमध्ये धाकट्या भावासाठी वाटणीवरून रात्रीच खरमरीत मेसेज लिहून ठेवला होता. तो पुसला आणि त्याला फोन लावला. वाटणी अजून झालेली नाही, पण दोन वर्षांनी तो माझ्याशी बोलला.

तुम्ही एकच वचन चहाआधी वहीत हातानं लिहून बघा. मोबाइल त्यानंतर.