७१८ केमन ठेवावी की ९११ घ्यावी?

प्रश्न: २०१८ ची पोर्शे ७१८ केमन, दोन लिटर टर्बो, ३१,००० किमी. वापर रविवारी पहाटे वरळीहून कोस्टल रोड, क्वचित लोणावळा. वापरलेली ९९२ पिढीची ९११ कॅरेरा खुणावतेय. बदलावी का?

उत्तर १: कोस्टल रोडवर मर्यादा ताशी ८०, बोगद्यात ६०. तिथे केमनच्या ३०० आणि ९११ च्या ३८५ पीएसमधला (म्हणजे अश्वशक्तीतला) फरक कळणार कुठे? आधी आहे ती नीट करा. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात. तिथे पानं-कचरा साचतो, पावसाळाभर ओला राहतो, त्यात समुद्राची खारी हवा. कंडेन्सर कुजून गॅस गळतो. दर पावसाळ्यानंतर बंपर उतरवून साफ करून घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. असे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलाच. रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर पकड जाते.

उत्तर २: टायरचं पटलं, बाकी थोडा असहमत. आवाज हवा असेल तर ९११ च्या सहा सिलिंडरला पर्याय नाही. तुमच्या केमनच्या चार सिलिंडरची घरघर एक्झॉस्ट बदलून जात नाही. मात्र पुढचा भाग उचलणारी लिफ्ट असलेलीच ९११ शोधा, नाहीतर सोसायटीच्या उतारावर नाक घासेल. आणि परराज्यातली स्वस्त दिसली तरी इथे नोंदणी करताना रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो.

प्रश्नकर्ता: टायर २०१८ चेच निघाले. आधी टायर आणि कंडेन्सर. लिफ्टवाली मिळाली तरच पुढचा विचार.