एलियनचं नाव उच्चारता यायलाच हवं का?

खडूस वाचक: माझ्या कथेतल्या एलियनचं नाव होतं 'क्झ्'र्थ'. आईला वाचून दाखवली, तर दुसऱ्या पानापासून ती विचारायला लागली, "मग त्या कसरतचं पुढे काय झालं?" कथा गंभीर होती हो. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की जिभेवर बसत नाही ते नाव नव्हे, छपाईची चूक. जोडाक्षरांची मोळी बांधायची, मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी खुपसायची, झाला परग्रहवासी तयार! देवनागरीत तर ते चिन्ह अवतरण संपल्यासारखंच दिसतं. एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' कादंबरीतल्या मंगळवासीयांना नावंच नाहीत, तरी घाबरवतात.

अर्धा ळ: साफ असहमत. मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने १९८४ च्या 'स्टार ट्रेक ३' या चित्रपटासाठी क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांची भाषा रचली. तिच्यात अ‍ॅपॉस्ट्रॉफी शोभेची नाही, ते एक व्यंजन आहे. लहान मूल औषध नको म्हणून "अं! अं!" करतं तेव्हा मध्ये घसा अडतो ना, तोच आवाज. शिवाय माणसांच्या भाषांत सहसा एकत्र न सापडणारे ध्वनी त्याने मुद्दाम एकत्र आणले. परकं आहे तर परकं वाटू दे की. शेजारच्यांना 'ळ' जमत नाही म्हणून बाळासाहेबांनी नाव बदलायचं का?

खडूस वाचक: बाळासाहेबांना हात लावत नाही. पण ओक्रँडने अख्खं व्याकरण रचलं, आपण नुसतं टिंब उचलतो. आणि क्लिंगॉनांतलाच सगळ्यात लाडका कोण? वॉर्फ. एका घासाचं नाव!

रिकामटेकडी: अहो, पण नाव ठेवतंय कोण? 'अरायव्हल' चित्रपटातल्या (२०१६) सात पायांच्या दोघा एलियनना शास्त्रज्ञ अ‍ॅबट आणि कॉस्टेलो म्हणतात, एका जुन्या अमेरिकी विनोदी जोडीवरून. आपला 'कोई मिल गया'मधला 'जादू'सुद्धा माणसांनीच ठेवलेला. अंगणात एलियन उतरला तर माझी आजी दोन दिवसांत त्याचा 'ठकू' करेल आणि वर विचारेल, जेवलास का?

अर्धा ळ: ताई, खटकतं ते हेच. साहेबाने पुण्याचं पूना केलं, शीवचं सायन. त्याच्याही जिभेची सोयच होती ती. आजीचं प्रेम मान्य, पण ठकूला कुणी विचारलं?

रिकामटेकडी: मग ते कथेत येऊ द्या ना! आजी 'ठकू, ठकू' करतेय आणि तो ओ देत नाहीये. तिसऱ्या दिवशी आजी गप्प बसते आणि तो घशातून काय आवाज काढतो ते कान देऊन ऐकते. मी वाचेन अशी कथा. अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकट.

खडूस वाचक: हे मात्र आवडलं. अ‍ॅपॉस्ट्रॉफी सोडून. बाय द वे, आईचं म्हणणं आहे की 'कसरत'च ठेव, लक्षात राहतं. मी नाही म्हणालोय. फाइलचं नाव तेवढं बदललं.

अर्धा ळ: हरलात!