युद्धातून आणि देशांतरातून वाचलेली वस्तू : चिनी पूर्वजांच्या घरांतील अनुभव

जन्माने किंवा लग्नाने ज्यांचे चिनी घराण्याशी नाते आहे, अशा मराठी वाचकांना आम्ही विचारले होते की, पूर्वजांनी आणलेली कोणती वस्तू आपल्या घरात आहे आणि ती नेमकी वाचली कशी.

तैपेईहून, एक सून

चीनमधील यादवी युद्धामुळे माझ्या आजेसासऱ्यांनी १९४९ च्या आरंभी शांघाय सोडून तैवान गाठले. ऑगस्ट १९४८ मध्ये निघालेल्या नव्या नोटा काही महिन्यांतच मातीमोल झाल्या होत्या, त्यामुळे बोटीचे भाडे सोन्यात मोजावे लागले आणि आजेसासूबाईंच्या बांगड्या त्यात गेल्या. दुलईच्या कापसात शिवून आणलेली वंशावळ मात्र राहिली, कारण तिला गिऱ्हाईकच नव्हते. तिच्या पहिल्या पानावर एक कविता आहे. तिच्यातले एकेक अक्षर एकेका पिढीच्या नावात घ्यायचे असल्याने अनोळखी भाऊबंद भेटला, तरी तो काका लागतो की पुतण्या हे नावावरूनच कळते. नोव्हेंबर १९८७ मध्ये तैवानने चीनच्या मुख्य भूमीवरील नातलगांना भेटण्याची मुभा दिल्यावर सासरे निंगबोजवळच्या मूळ गावी गेले, तेव्हा तेथील प्रत माओच्या काळातील सांस्कृतिक क्रांतीत जाळली गेल्याचे समजले आणि गावाने आमच्या प्रतीवरून नवी उतरवून घेतली. मुलींची नावे तीत नाहीत, सुनांचे फक्त माहेरचे आडनाव आहे. खुद्द कन्फ्यूशियसच्या घराण्याने २००९ च्या आवृत्तीत स्त्रियांना प्रथमच स्थान दिले, तेव्हा मी घरात हा विषय काढलाच. सासऱ्यांनी माझे नाव पेन्सिलीने लिहिले आहे. शाईचा मुहूर्त अद्याप लागलेला नाही.

मुंबईहून, एक नातू

आजोबा जहाजावर सुतार होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये ग्वांगझौ जपान्यांच्या हाती पडले, त्यानंतर ते गावी परतलेच नाहीत आणि माझगावात स्थिरावले; तेथील १९१९ चे चिनी मंदिर त्यांच्याच मुलुखातील लोकांचे. त्यांच्या वडिलांची शाईपेटी आमच्याकडे आहे. आपले सुतार फळीवर रंगाची दोरी मारतात, तेच काम ती करते : एका खोबणीत शाईत भिजलेला कापूस, मागे दोरीची छोटी चरखी आणि दोरीच्या टोकाला टोचायची सुई. बासष्टच्या युद्धानंतर आजीने घाबरून गावाकडची सगळी पत्रे चुलीत घातली, पण या पेटीवर एकही अक्षर नसल्याने तिला कोणी हात लावला नाही. कापूस वाळून खडा झाला आहे, चरखी मात्र अजून फिरते.

टोरांटोहून, एक सून

सासूबाई आसाममधील माकुमच्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी वंशाच्या ज्या हजारो लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले, त्यांत त्या होत्या. घरदार मागे राहिले; त्यांच्या आजीने चीनहून आणलेली हिरव्या जेड दगडाची बांगडी तेवढी सोबत गेली, कारण साबण लावूनही ती मनगटातून निघत नव्हती. सध्या ती मोठ्या नणंदेकडे आहे, आणि पुढे कोणाकडे जावी यावर आमच्या घरात एकमत नाही.