टीपॉय घरी करावा की सुताराकडून?

औसेकर
आमचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, 1993 च्या भूकंपात गेलं. 30 सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्रीच गणपती बोळवलेले. सागाच्या तुळया तेवढ्या शाबूत निघाल्या, त्या आजोबांनी गोठ्यात रचून ठेवल्या. यंदा गोठा पाडला, भंगारवाला तुळया भरायला लागला, तेव्हा मी एक अडवली. आरा मशीनवर फळ्या पाडून आणल्या आणि आठ रविवारांत टीपॉय उभा केला. 3 फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, 16 इंच उंच. चार पाय, चार पट्ट्या, वर तीन फळ्या. त्यात एवढं काही नाही. चुलीच्या धुरानं काळी ठिक्कर पडलेली तुळई, रंधा दोनदा फिरला की आतून मधासारखी निघते. वरून जवसाचं तेल दिलंय. बाजारच्या भुशाच्या बोर्डाला ओलं फडकं लागलं की कडा फुगतात. साधा टीपॉय ज्याचा त्यानं घरीच करावा, असं माझं मत आहे.

सुताराची लेक, परभणी
दादा, टीपॉय कराच, पण या लाकडावर नाही. आमच्याकडे आजोबांपर्यंत बलुतं होतं. वखर, तिफण, गाडीची चाकं, सगळं बाभळीचं. बाबा शिकत होते तेव्हा आजोबांनी दोन वर्षं त्यांच्या हाती साग दिला नव्हता. तुळई एकदा कापली की कापली. वाळूजच्या कारखान्यांकडून निघालेले पाइनचे पॅलेट (माल ठेवायचे लाकडी पाट) भंगारात मिळतात, हात त्यावर बसवा.

सांधे कशानं जोडलेत? नुसत्या स्क्रूनं असतील तर पाय डुगडुगणार. पायाला भोक पाडून पट्टीचा कुसू, म्हणजे टोकाला तासलेली जीभ, त्यात बसवतात, कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा. सैल झाला तर धरत नाही, घट्ट झाला तर पाय चिरतो. "त्यात एवढं काही नाही" हे वाचून वाईट वाटलं. लोक रेडिमेड घेतात किंवा घरी करतात, काम दोन्हीकडून सुताराचंच जातं.

अंबाजोगाईकर
ताई, मी स्वस्त लाकडावरच शिकलो. शेतात पडलेला कडुनिंब कापून आणला, दोन महिने वाळवला, दिवाळीत टीपॉय केला. वरच्या फळ्या फेविकॉलनं चौकटीला पक्क्या चिकटवल्या. मे महिन्यात पारा 42 वर गेला आणि मधली फळी उभी तडकली. दहाचं नाणं फटीत उभं राहायचं. इंचभर जाडीची फळी सावलीत वर्षभर तरी वाळवावी लागते, हे तेव्हा कळलं. लाकूड रुंदीत आकसतं-फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून वरच्या फळ्यांना सरकायला जागा हवी. आता पट्ट्यांना लांबट भोकं पाडून खालून स्क्रू मारलेत. तीन उन्हाळे गेले, फट नाही. तेव्हा स्क्रू सगळीकडे वाईट नाही. आणि जुनी तुळई मुळात वाळलेलीच असते, नवशिक्याला तीच सोपी.

देगलूरवाली
तुळईला रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतात. पटाशीचं टोक टोचून उधईही बघा. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवायची.

औसेकर
फडकी आत्ताच उचलली, बादलीत बोळा करून ठेवली होती.

ताई, ते वाक्य मी मागे घेतो. सांधे स्क्रूचेच आहेत आणि एक पाय हलायला लागलाय. पण सुताराची वाट बघितली असती तर तुळईच उरली नसती. बाकीच्या पाच भट्टीत गेल्या. आमच्या गावचे सुतारकाका आता लोखंडी दरवाजे बसवतात, त्यांना मी तीनदा विचारलं होतं. माझ्या हातानं बिघडलं तरी चालेल, पण ते लाकूड घरात आहे.

सुताराची लेक, परभणी
बिघडलं तरी चालेल, हे मला कधीच पटणार नाही. पट्ट्या आणि पाय सोडवून परभणीला घेऊन या. बाबा अजून पटाशी धरतात. पहिला कुसू ते पाडून दाखवतील, मग तुम्ही बाभळीच्या तुकड्यावर पाडायचा. त्यांना तो पसंत पडला तरच सागाला हात लावायचा. आणि मजुरी ते घेतील.