वुल्फडॉग पाळायचाय म्हणे!

माळावरचा पक्या:
परवा एका पेट ग्रुपवर पोस्ट बघितली आणि डोकंच सटकलं. वाकडचा कुणी आयटीवाला, "टू बीएचके आहे, अटॅच्ड टेरेस आहे, वुल्फडॉगचं पिल्लू घ्यायचंय, बजेट दीड लाख, फक्त सिरीयस लोकांनी मेसेज करा". वुल्फडॉग म्हणजे लांडगा आणि कुत्र्याचा संकर. खाली नुसत्या आगीच्या इमोज्या आणि "भावा नाद खुळा". मी लिहिलं बाबा रे नको करू हे, तर ॲडमिननं "निगेटिव्हिटी नको" म्हणून माझी कमेंटच उडवली. म्हणून इथं लिहितोय.

हिशोब सरळ आहे. दीड लाखात तुला जे पिल्लू मिळणारे ते बहुतेक हस्की आणि जर्मन शेफर्डचं क्रॉस असणारे, ज्याला एरवी कुणी पंधरा हजार पण देणार नाही. म्हणजे तू फसलास. आणि खरंच लांडग्याचं रक्त निघालं, पहिल्या पिढीचं वगैरे, तर त्याची आई नाहीतर बाप कुणीतरी कोंडून ठेवलेला लांडगा आहे, आणि लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल वन मध्ये आहे, वाघाच्या पंगतीला. मग तू नुसता फसला नाहीस, गुन्ह्याचं गिऱ्हाईक झालास. दोन्हीकडून तूच मेलास की रे.

बंगळुरूचा तो ५० कोटींचा वुल्फडॉग आठवतो का? २०२५ च्या मार्चमध्ये सगळ्या चॅनेलनी नाचवला, मालकासोबत रेड कार्पेट काय, सेल्फी काय. मग ईडीवाले दारात गेले तेव्हा ५० कोटींचा पत्ता लागेना, आणि कुत्रा पण त्याचा नाहीच असं बातम्यांत आलं. तरी लोकांचं खूळ जात नाही.

लोन वुल्फ वाकड:
मीच तो "कुणी आयटीवाला". माझी पोस्ट माझ्या माघारी इथं आणून धुतल्याबद्दल आभार. काका, आधी जरा वाचत जा. चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग ही रीतसर ब्रीड आहे, १९५५ मध्ये जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांच्यापासून सुरुवात केली, बॉर्डरवरच्या कामासाठी, आणि १९९९ मध्ये एफसीआय या कुत्र्यांच्या ब्रीडना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पूर्ण मान्यता दिली. इटलीत लोक फ्लॅटमध्ये ठेवतात. मी रोज सकाळी दहा किलोमीटर पळतो, वर्क फ्रॉम होम आहे, कुत्र्याला माझ्याइतका वेळ देणारा मालक तुमच्या माळावर तरी आहे का? प्रत्येक गोष्टीत कायदा आणि पाप काढायची सवय लागलीये लोकांना.

माळावरचा पक्या:
काका कुणाला रे, छत्तीसचा आहे मी. एफसीआयचं कौतुक ऐकलं, आता हे सांग, २०१६ पासून ब्रीडिंगसाठी आणि विक्रीसाठी परदेशी कुत्री आणायला आपल्याकडे बंदी आहे, मग तुझ्या ब्रीडरकडे ही चेक मंडळी काय ओएलएक्सवरनं आली?

आइंडहोव्हनची अमृता:
मी नेदरलँड्सला राहते म्हणून मध्ये तोंड घालते. इथे सारलोस नावाची वुल्फडॉग ब्रीड आहे. सारलोस नावाच्या माणसाला १९३० च्या दशकात वाटलं शेफर्ड फार माणसाळलेत, जरा लांडगा मिसळून दणकट कामाचा कुत्रा करू. झालं उलटंच, पिल्लं निघाली बुजरी. तो गेला १९६९ ला, ब्रीडला मान्यता मिळाली १९७५ ला.

आमच्या गल्लीत एक आहे. दिसायला इतका देखणा की सायकल थांबवून बघत राहावं. पण समोरून कुणी छत्री उघडली की हा मालकिणीला ओढत पलीकडच्या फुटपाथवर. दोन वर्षं झाली, मी रोज दिसते त्याला, अजून माझ्या हाताला नाक लावलेलं नाही. चावरा अजिबात नाही, पक्याभाऊ उगाच राक्षस रंगवतायत तसा नाही. पण घरात एकटा सोडता येत नाही, एकदा सोडला तर दाराची चौकटच कुरतडली. आणि मालकिणीला ब्रीडरनं पिल्लू द्यायच्या आधी घर बघून, अंगण बघून, दोनदा नकार दिला होता. मेसेज करून दीड लाखात मिळत नाही हो हे.

माळावरचा पक्या:
राक्षस कुठं रंगवला मी? लांडग्याबद्दल एक वाईट शब्द काढला असेल तर दाखवा.

गुरांची डॉक्टरीण:
साताऱ्याकडे प्रॅक्टिस आहे, मोस्टली गाई-म्हशी, पण कुत्री येतातच. मागे एक जण ऐटीत "मॅडम वुल्फडॉग आहे, ७५ टक्के" म्हणत आला, रंगीत प्रिंटचं सर्टिफिकेट, त्यावर लांडग्याचा गुगलवरचा फोटो. कुत्रा टेबलावर घेतला तर डोळे निळेशार, शेपूट पाठीवर वळलेली. अहो, मोठ्या लांडग्याचे डोळे पिवळट असतात, शेपूट सरळ खाली, छाती अरुंद, पाय लांब आणि पंजे अंगाच्या मानाने मोठे. मी म्हटलं हस्की आहे हा, चांगला आहे, जपा. तर त्यांचं तोंड एवढंसं झालं आणि पुढच्या डोसला आलेच नाहीत, कुत्र्याचा काय दोष?

खऱ्या संकराचं दुखणं वेगळंच. कुत्र्याचं पिल्लू साधारण चार आठवड्यांचं झालं की आजूबाजूचं जग हुंगायला लागतं, तेव्हा डोळे, कान, नाक सगळं चालू झालेलं असतं. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांतच फिरायला लागतं, अजून धड दिसत-ऐकू येत नसताना. म्हणून पुढं प्रत्येक नवा आवाज त्याला धोका वाटतो. विकणारा देतो दीड-दोन महिन्यांचं पिल्लू, तोवर ती वेळ गेलेली. आणि खरा स्वभाव दीड-दोन वर्षांनी वयात आल्यावर कळतो, तोपर्यंत रील्स झकास येतात.

रेबीजचं पण ऐका. अमेरिकेत लांडगा-संकरासाठी म्हणून लायसन्स असलेली एकही रेबीज लस नाही. चावला तर लस टोचलेली असूनही न टोचल्यासारखंच धरतात, आणि बहुतेक वेळा त्या जनावराचाच जीव जातो.

लोन वुल्फ वाकड:
डॉक्टर मॅडम, तुमचा मुद्दा मान्य, निदान तुम्ही शिव्या न देता बोललात. पण मग लॉजिक सगळ्यांना लावा की. पुण्याच्या उन्हात हस्की चालतो, सेंट बर्नार्ड चालतो, माझाच काय तो गुन्हा? लांडगा तर आपल्या मातीतला आहे, ४२ डिग्रीत माळावर राहतो.

माळावरचा पक्या:
आपल्या मातीतला लांडगा वेगळा, अंगानं हडकुळा, केस आखूड. तू मागवतोयस त्यात कार्पेथियन डोंगरातला लांडगा आहे, अंगावर घोंगडी घेऊनच जन्मतो. हस्कीचं म्हणशील तर तो पण छळच आहे, मेमध्ये भर दुपारी डांबरावर चालवणाऱ्यांना आधी अनवाणी चालवलं पाहिजे.

हस्कीची आई:
आलं! मला माहीतच होतं कुठेतरी हस्कीवाल्यांवर घसरणार. माझा हस्की मी विकत घेतला नाही, एका बाईंनी लॉकडाऊननंतर सोडून दिलेला, मी घेतला. त्याच्यासाठी एसी चालतो, फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री दहाला. ज्याला काही माहीत नाही तो उठतो आणि "बिचारा, पाप लागेल तुम्हाला" म्हणतो. लिफ्टमध्ये कालच एका आजोबांनी सुनावलं. त्यांच्या नातवाला कुत्र्याचे कान ओढायला शिकवतात ते पाप नाही!

सेक्रेटरी (नाइलाजाने):
लिफ्टचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. सोसायटीच्या सर्व्हिस लिफ्टमध्ये कुत्रा न्या एवढं सांगितलं तर मला थेट कोर्टाची भाषा. वर पार्किंगमध्ये रात्री अकराला चिकन-राइस ठेवणाऱ्या आमच्या एक ताई आहेत, तिथं नऊ-दहा भटकी जमतात, सकाळी दूधवाला आत यायला घाबरतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यात आता लांडगे पण येणार. सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०२५ ला स्पष्ट सांगितलंय, रस्त्यावर कुठेही खायला घालायचं नाही, ठरलेल्या जागीच. वाचलंय का कुणी?

शेपूटवाली ताई:
वाचलंय. त्याच आदेशात हेही आहे की नसबंदी आणि लस झाली की कुत्रं जिथनं उचललं तिथंच परत सोडायचं, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून. ते सोयीस्कर विसरता तुम्ही लोक. ठरलेली जागा महापालिकेनं आणि सोसायटीनं द्यायची ना? देत नाही आणि वर बोंब. नसबंदीला मी स्वतःच्या खर्चानं नेते, सोसायटीनं आजपर्यंत रिक्षाचे पैसे दिले नाहीत. त्या दहांपैकी एकही कुणाला चावलेलं नाही, दूधवाला घाबरतो कारण वॉचमन काठी आपटतो.

सेक्रेटरी (नाइलाजाने):
एकही चावलेलं नाही?? बी विंगच्या शिंदेकाकूंची पोटरी मग काय डासांनी फोडली? मी स्वतः गाडीतनं इंजेक्शनला नेलंय.

शेपूटवाली ताई:
ते कुत्रं बाहेरचं होतं. आणि काकूंनी चप्पल मारली होती.

फलटणचा बाळू:
तुमचं पार्किंग चालू द्या, थोडं माळावरचं सांगतो. आमची मेंढरं हायेत, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडाला परत. लांडगा यातो, कोकरू उचलतो, जातो. वरसाला दोन-चार जातात, आमचा आजा म्हनायचा त्याचा वाटा हाय, शिव्या द्याच्या आन सोडून द्याचं. पण गेल्या साली हायवेच्या ढाब्यांवरची भटकी कुत्री रात्री वाघरीत, म्हंजी मेंढरांभवतीच्या जाळीत, शिरली. सकाळी बघतो तर आठ मेंढरं फाडून टाकलेली, एक बी खाल्लेलं नाही. जाळी दातांनी तोडलेली. ते जास्त वाईट का लांडगा, तुमीच सांगा.

आन लांडगा पाळायचं म्हनताय तर आज्यानं बी केलतं ते, तवा कायदा कुनाला ठाव होता. वढ्याच्या कपारीत पिल्लू घावलं, मेंढीचं दूध पाजलं. आज्जीच्या मागं मागं फिरायचं, पावना आला की चुलीमागं. आठ-धा म्हयने ऱ्हायलं आन एका राती वाघर उकरून गेलं, जाताना कोकरू घेऊन गेलं. आजा हसला म्हनं, खाल्ल्या दुधाला जागलं.

लोन वुल्फ वाकड:
बाळूदादा, हे बेस्ट होतं 😂

माळावरचा पक्या:
बाळू म्हणतो तेच मला सांगायचंय आणि ताईंना राग येणारे, येऊ दे. पुण्याच्या आसपासच्या माळांवर २०१४ मध्ये लांडग्यांच्या कळपात विचित्र पिवळसर रंगाचे प्राणी दिसले होते. ग्रासलँड्स ट्रस्टची पुण्याची पोरं ते बघत होती, मग ॲट्री आणि एनसीबीएस या बंगळुरूच्या संशोधन संस्थांच्या लोकांबरोबर जीनोम तपासला, आणि २०२३ मध्ये पेपर आला की हो, लांडगा-कुत्रा संकर आहे. आपल्या देशातला पक्का जनुकीय पुरावा तो. म्हणजे वुल्फडॉग आपल्याकडे आहेच, कुणी दीड लाख न देता, आपल्या कचऱ्यावर आणि आपल्या चिकन-राइसवर वाढलेल्या कुत्र्यांमुळे. माळ विकले, प्लॉटिंग झालं, लांडग्याला जोडीदार मिळेना, कुत्री मात्र ढीगभर. वर कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा रोग लांडग्यांना लागतो तो वेगळाच. लांडगा संपायला बंदूक लागत नाही आता.

शेपूटवाली ताई:
म्हणजे शेवटी दोष माझ्या भाताचा! हिंजवडी रिंगरोडला लागून माळावर टॉवर बांधणाऱ्या बिल्डरांचा नाही, कचऱ्याचे डोंगर करणाऱ्या पालिकेचा नाही, रात्री अकराला पंचवीस रुपयांचा तांदूळ शिजवणाऱ्या बाईचा! आणि पक्या, तू स्वतः दर रविवारी जीप घेऊन त्याच माळावर फोटो काढायला जातोस, बिळापर्यंत, रील टाकतोस लोकेशनसकट. त्यानं लांडगा फार खुश होत असेल.

माळावरचा पक्या:
लोकेशन मी कधीच टाकत नाही.

शेपूटवाली ताई:
मागे मंदिराचा कळस दिसतोय. सगळ्यांना कळतं.

गुरांची डॉक्टरीण:
दोघंही शांत व्हा. शहरातलं पार्किंगचं कुत्रं चालत माळावर जात नाही, पण गावाबाहेर पोत्यात घालून पिल्लं सोडून येणारे आम्ही दर आठवड्याला बघतो. उद्या तुमचा वुल्फडॉग दोन वर्षांनी आवरेनासा झाला की त्यालाही गाडीत घालून दिवे घाटापलीकडेच सोडतील, आणि नसबंदी केलेली नसणार, कारण "ब्रीडिंगला ठेवला होता".

लोन वुल्फ वाकड:
मी सोडणाऱ्यातला नाही, पण ठीके, तो चान्स आहे हे मानतो. मग सरकारनं बंदी का नाही घातली, एवढं डेंजर असेल तर?

माळावरचा पक्या:
घातली होती रे. १२ मार्च २०२४ चं केंद्राचं पत्र, पिटबुल, रॉटवायलर, कॉकेशियन शेफर्ड अशी लांबलचक यादी, त्यात वुल्फडॉग नावानिशी. एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं, कुणाला विचारलं नाही म्हणून. आणि खरं सांगू, रद्द केलं ते बरंच केलं, त्या यादीत डोकं कमी आणि घाई जास्त होती, नुसतं "टेरिअर्स" लिहिलेलं, म्हणजे आमच्या आत्याचं मांडीवर बसणारं कुत्रं पण फेरोशियस.

लोन वुल्फ वाकड:
म्हणजे बंदी पण चुकीची, माझा कुत्रा पण चुकीचा, सरकार पण चुकीचं. महाराष्ट्रात एकटा पक्या बरोबर. बरं, वुल्फडॉग कॅन्सल समजा. पण पंचवीस हजार ॲडव्हान्स दिलाय ब्रीडरला, तो कोण देणार परत?

हस्कीची आई:
ॲडव्हान्स दिलाय?? आणि ग्रुपवर "कुणाकडे कॉन्टॅक्ट आहे का" विचारत होतास?

लोन वुल्फ वाकड:
सेकंड ओपिनियन घेत होतो.

माळावरचा पक्या:
एक काम कर. आईबापाचा व्हिडिओ माग, आजच्या तारखेचा. लांडगा दिसला तर वनविभागाच्या १९२६ ला फोन कर, हॅलो फॉरेस्ट. हस्की दिसला तर फसवणुकीचा तेवढाच पुरावा हातात आला, पोलीस स्टेशनला जा. पैसे सुटतील याची मात्र गॅरंटी नाही.

लोन वुल्फ वाकड:
मागितला. म्हणतो "पॅरेंट्सचे व्हिडिओ प्रायव्हसीमुळे शेअर करत नाही".

फलटणचा बाळू:
लांडग्याची प्रायव्हसी 🙏 आन हे पक्याभाऊस्नी बी सांगा की कुनीतरी.

सेक्रेटरी (नाइलाजाने):
ते बघा तुम्ही. ताई, रविवारी अकराला क्लब हाऊसमध्ये मीटिंग आहे, फीडिंगच्या जागेचा विषय घेतलाय, कंपाउंडच्या मागची ट्रान्सफॉर्मरजवळची. येताना नसबंदीची सर्टिफिकेटं घेऊन या.

शेपूटवाली ताई:
ट्रान्सफॉर्मरजवळ पाणी साचतं. पण येते. रिक्षाची बिलं पण आणते.