मुक्त, खुला की मोकळा? 'फ्री मार्केट'ला काय म्हणायचं

एका लेखाचं भाषांतर करतोय आणि 'फ्री मार्केट'पाशीच गाडी अडलीय. पेपरात 'मुक्त बाजारपेठ' असतं, आमच्या कॉलेजच्या पुस्तकात 'खुली' होतं, आणि 1991 नंतर तर भाषणांत 'खाउजा' वाजायचं (खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, ज्याला हा शब्द सुचला त्याला मुजरा, नुसता उच्चारला तरी कुणीतरी काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं). मला वाटायचं मुक्त काय नि खुला काय, एकच. पण कर्जमुक्त, व्यसनमुक्त, हागणदारीमुक्त, तणमुक्त, सगळीकडे 'मुक्त'च्या आधी नकोशी गोष्ट येते. मग बाजार मुक्त झाला म्हणजे नक्की कशातून सुटला?

---

बरोबर पकडलंत. मूळ मुच् धातू, सोडणे. मोक्ष तिथलाच, आणि प्राकृतातून झिजत आलेला आपला 'मोकळा'पण तिथलाच. ('मोफत' मात्र वेगळ्या घरचा, तो फारसीतला मुफ्त.) गंमत अशी की भावंडं असून वाक्यात दोघं वेगळं वागतात. मुक्तला 'कशापासून' लागतं, मोकळ्याला 'कशाला' लागतं: जायला मोकळा, बोलायला मोकळा. 2016 ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या कायद्यातून बाहेर काढला तेव्हा सरकारी शब्द होता 'नियमनमुक्ती'. नियम हा रोग आहे हे शब्दातच ठरून गेलं, वाद घालायला जागाच उरली नाही.

---

खुला आणि मुक्त एक नाहीत हो, उलटे आहेत कधीकधी. लहानपणी आजोबांबरोबर बैलबाजारात गेलेलो, दलालाने आजोबांचा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबायला लागला, तोंडाने एक शब्द नाही, एक बोट म्हणजे शंभर का हजार ते त्या दोघांनाच माहीत, मी खालून वाकून बघायला गेलो तर पाठीत धपाटा. आजोबांनी जोडी दिली. परतीच्या वाटेवर कळलं की तसलीच जोडी पलीकडच्या झाडाखाली बऱ्याच जास्त पैशाला गेली. आता हा बाजार मुक्तच होता की, कुणी आडवं आलं नव्हतं. पण खुला नव्हता. शेतमालाची बोली चारचौघांत मोठ्याने लागली पाहिजे हे बाजार समितीच्या नियमाने आलं, राज्याचा तो कायदा 1963 चा. म्हणजे बाजार खुला केला तो नियमानेच. (चार व्यापारी आधी टपरीवर चहा पिता पिता भाव ठरवून येतात ते सोडा.)

---

काका, तुमचं गोड वाटतं ऐकायला, पण आमच्या यवतमाळकडे येऊन सांगा. 1972 पासून कापूस एकाधिकार होता. कापूस माझ्या बापाचा, घाम माझ्या बापाचा, पण सरकार सोडून दुसऱ्याला विकायचा नाही, पलीकडच्या राज्यात चांगला भाव म्हणून रात्री गाडी नेली तर ती 'चोरटी वाहतूक'! आपल्याच मालाचा आपण चोर. ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि चुकारे (मालाचे पैसे) कधी येतील ते देवाला माहीत. शेतकरी संघटनेचे शरद जोशी बाजारपेठेचं स्वातंत्र्य म्हणायचे ते याच्यासाठी, आणि तेव्हा 'मुक्त' हा शब्द आमच्याकडे शेठजींचा नव्हता, शेतकऱ्याचा होता. बाकी शब्दांची गंमतच सांगायची तर, सरकारने केलं की 'एकाधिकार', शेठने केलं की 'मक्तेदारी'.

---

शरद जोशींचीच अजून एक शब्दाची लढाई. कर्जमाफी म्हणू नका, कर्जमुक्ती म्हणा, माफी गुन्हेगाराला असते. 2019 च्या सरकारी योजनेच्या नावात शेवटी 'कर्जमुक्ती'च आलं. लोकांच्या तोंडी अजून माफीच आहे.

---

'स्वतंत्र' कुणी काढलाच नाही? तंत्रचा एक जुना अर्थ माग, विणायचा. मी इचलकरंजीचा, त्यामुळे हे कळलं तेव्हा हसू आवरेना. आमच्या घरात सोळा माग होते, स्वतःचे, म्हणजे शब्दशः स्वतंत्र! पण आम्ही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्हाला पिकाच्या हिशोबाने मजुरी (पीक म्हणजे शेतातलं नाही, इंचात आडवे धागे किती ते). मंदी आली की व्यापारी म्हणायचा, परवडत नसेल तर सोडा, जबरदस्ती नाही. खरंच नव्हती. सोडायला आम्ही मोकळे होतो, फक्त विजेचं बिल आणि बँकेचा हप्ता आम्हाला सोडायला मोकळा नव्हता. त्याच्या गोदामात तीन महिन्यांचं सूत पडून, आमच्याकडं तीन दिवसांचा किराणा. दोघंही मुक्त, करार राजीखुशीचा. याला विषमता म्हणायला माझी हरकत आहे थोडी, 'विषम' म्हटलं की मला तीन, पाच, सातच आठवतात. वडील म्हणायचे 'त्याला थांबता येतंय, आपल्याला येत नाही.' यापेक्षा बरा शब्द असला तर सांगा.

---

वरच्यांना जोडून. आंबेडकरांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हेच विचारलंय, सरकारी नियंत्रणातून सुटका, पण मोकळीक कुणाला? जमीनदाराला खंड (जमिनीचं भाडं) वाढवायला, भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करायला. म्हणजे 'कशापासून मुक्त' आणि 'कोण कशाला मोकळा' हे दोन्ही प्रश्न एकदम. यवतमाळकरांना 'कुणापासून'मध्ये सरकार दिसतं, इचलकरंजीकरांना व्यापारी. भांडू नका, दोघांचीही बोटं उपरण्याखालीच होती.

---

भांडत नाही हो. पण डिसेंबर 2023 ला कांदा निर्यात बंद केली, भाव पडतात तेव्हा बाजार 'मुक्त' आणि चढले की लगेच 'ग्राहकहित', ह्याला कुठला शब्द लावायचा ते कोशवाल्यांनी सांगावं.

---

धन्यवाद सगळ्यांना. लेखात नियम काढण्याबद्दल आहे तिथे 'मुक्त', आणि कुणालाही येऊन विकता येतं, भाव सगळ्यांना दिसतो असं आहे तिथे 'खुला' करतोय. एकाच इंग्रजी शब्दाला दोन मराठी, संपादक ओरडतील, ओरडू देत. इचलकरंजीकर, ते 'खर्चीवाला' खर्च वरूनच ना? म्हणजे खर्च नक्की कुणाचा?