मदत हवी आहे: आई-बाबांचा पहिला फर्स्ट क्लास प्रवास

नमस्कार मंडळी, मी सांगलीची. न्यू जर्सीतल्या दादाने साठवलेले माइल्स (विमानप्रवासाचे पॉइंट्स) वापरून आई-बाबांना एमिरेट्सच्या फर्स्ट क्लासची तिकिटं काढलीत. दुबई ते न्यूयॉर्क, ए-३८० हे दुमजली विमान, जवळपास १४ तास. बाबांनी ४० वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिले. त्यांनी या प्रवासातलं काहीही सोडू नये, असं मनापासून वाटतं.

खरी अडचण त्यांच्या भिडस्तपणाची. मागच्या विमानप्रवासात आईने रिकामा कागदी कप तीन तास हातात धरून ठेवला, त्या पोरींना कशाला त्रास म्हणून! इथे जेवण हवं तेव्हा मागवता येतं, सांगितलं की बिछानाही घालून देतात. पण बाबांचं एकच, "सगळ्यांना देतील तेव्हा खाऊ." शाकाहारी जेवण आधीच नोंदवलंय.

विमानात शॉवर आहे, पाणी ५ मिनिटं. वेळ झोपण्याआधीची घ्यावी की उतरण्याआधीची? आईचे गुडघे दुखतात, आत बसून अंघोळ जमेल का? मधल्या दोन जागा घेतल्या तर दोघांना एकमेकांशी बोलता येतं ना?

कुणी आई-वडिलांना असं पाठवलं असेल तर बारीकसारीकही सांगा. मी सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवणार आहे.